वीरगळ आणि पुतळा : बेंगळूरच्या इतिहासप्रतिमांचा एक विचार

मराठीत पुतळ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पुतळा कोठे उभारावा, कोणी उभारावा, अनावरण कोणाच्या हस्ते व्हावे आणि विटंबना झाली असता काय करावे, हेच बहुतांशी त्या लेखनाचे विषय आहेत. पुतळ्यासमोर उभे राहून त्याची बैठक, हाताची ठेवण, चेहऱ्याचा आधार आणि धातूचे ओतकाम यांचा विचार करणारे लेखन शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. द. ग. गोडसे यांच्यासारखा एखादा अपवाद वगळता आपल्या समीक्षेने दृश्यकलेचा हा प्रांत वृत्तपत्रांच्या बातमीदारांकडे सोपवून दिला आहे, असे म्हटल्यास ते फारसे वावगे ठरू नये. प्रस्तुत लेखात बेंगळूर शहर आणि त्याच्या दक्षिणेस असलेला आनेकल तालुका हे क्षेत्र समोर ठेवून एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ज्यांचा चेहरा आपणास खात्रीने ठाऊक नाही, किंवा अर्धाच ठाऊक आहे, अशा ऐतिहासिक पुरुषांना शिल्पकार चेहरा देतो तेव्हा तो इतिहासात नेमकी कोणती भर घालतो आणि ती भर पुढे राजकारणाच्या कामी कशी येते, हा तो प्रश्न होय.

यासाठी बेंगळूरचीच निवड का, हे थोडक्यात सांगावयास हवे. पहिल्या केम्पेगौडांनी १५३७ च्या सुमारास वसविलेले हे नगर त्यांच्या वंशजाकडून १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने घेतले. फौजेचा सेनापती रणदुल्लाखान होता व शहाजीराजे भोसले त्याच्यासमवेत होते. बेंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि त्यांचे मुख्य ठाणे बनले. पुढे ते व्यंकोजींकडे, म्हणजे एकोजींकडे राहिले, आणि १६८७ मध्ये मोगलांच्या हातून म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले. अर्धशतकाच्या या काळाकडे मराठी इतिहासलेखन आपल्या घरच्या इतिहासाचा एक परिशिष्टवजा भाग म्हणून पाहते आणि कन्नड इतिहासलेखन आपल्या नगराच्या चरित्रातील एक मधला अंक म्हणून. दोन्ही दृष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत. अडचण येते ती या इतिहासाला चौकात उभे करावयाचे ठरते तेव्हा, कारण चौथरा एकच असतो आणि त्यावर एकच माणूस उभा राहू शकतो.

आज पुण्याहून विमानाने बेंगळूरला येणारा मराठी तरुण शहराच्या उत्तरेस उतरतो आणि विमानतळाच्या आवारातच १०८ फूट उंचीच्या केम्पेगौडांच्या पुतळ्यासमोरून बाहेर पडतो. त्याचे काम व बिऱ्हाड पुष्कळदा शहराच्या दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटी, चंदापुरा किंवा सर्जापूरच्या बाजूस, म्हणजे आनेकलच्या दिशेने असते. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या या प्रवासात इतिहास दृश्यरूपात मांडण्याच्या दोन अगदी निराळ्या पद्धती त्याच्या वाटेवर असतात. पहिली त्याला चुकवूच म्हटले तरी चुकविता येत नाही. दुसरी शोधल्याखेरीज दिसत नाही, म्हणून तिच्यापासूनच आरंभ करणे बरे.

ही दुसरी पद्धत म्हणजे वीरगळ. हा मराठी शब्द मुळात कन्नड 'वीरगल्लु' होय. 'कल्लु' म्हणजे दगड. आनेकल या गावाच्या नावाच्या अखेरीसही तोच शब्द आहे, आणि याच तालुक्यातील जिगणी येथे आज ग्रॅनाइट कापण्या-घासण्याचे कारखाने चालतात, ही गोष्ट योगायोगाची असली तरी नोंदवावीशी वाटते. बी. एल. राइस यांनी 'एपिग्राफिया कर्नाटिका'च्या बेंगळूर जिल्ह्याच्या खंडात (१९०५) आनेकल तालुक्यातील शिलालेखांची स्वतंत्र नोंद केली आहे. तालुक्याच्या वेशीपाशीच असलेल्या बेगूर येथे नवव्या शतकाच्या अखेरीचा म्हणून धरला जाणारा एक वीरगळ-लेख आहे. बेंगळूरच्या लढाईत पडलेल्यांचा त्यात उल्लेख येतो आणि या नगरनामाचा तो सर्वांत जुना ज्ञात उल्लेख मानला जातो. म्हणजे केम्पेगौडांच्याही सहाशे-साडेसहाशे वर्षे आधी हे नाव दगडावर आले ते एका मृत माणसाच्या स्मरणाच्या निमित्ताने. बेगूरचाच दुसरा एक प्रसिद्ध वीरगळ बेंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आहे. हत्ती, घोडे, पायदळ आणि पायांखाली आलेली प्रेते यांची त्यावर जी दाटी आहे, ती पाहताना युद्ध म्हणजे गर्दी, ही साधी गोष्ट नव्याने ध्यानात येते.

वीरगळाची रचना महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सामान्यतः सारखीच आढळते. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि शेंड्याला चंद्रसूर्य. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर खाली नौकांची झुंज आहे. बेगूरला हत्तींची आहे. चौकटींचा क्रम मात्र ओळखीचाच राहतो. या रचनेत चेहऱ्याला महत्त्व नाही, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. वीर इतर सैनिकांहून थोडा मोठा कोरलेला असतो, त्याच्या हाती धनुष्य किंवा तलवार असते, परंतु त्याचे नाक-डोळे कोणाचे हे विचारण्यात अर्थ नसतो. तो ओळखला जातो तो कृत्यावरून आणि असल्यास लेखातील नावावरून. शिवाय तो दगड जेथे माणूस पडला त्या गावात, शेताच्या बांधावर वा देवळाच्या आवारात उभा केलेला असतो. त्याची उंची माणसाच्या उंचीच्या आसपासची, बहुधा कमीच.

वीरगळ ही निरागस लोककला होती, असा समज करून घेण्याचे मात्र कारण नाही. गुरे पळविणाऱ्या शेजारच्या गावकऱ्यांशी लढताना मेलेल्यांचे वीरगळ आहेत, म्हणजे एका गावाचा वीर तो दुसऱ्या गावाचा मारेकरी होता. दगड उभा करणारा पाळेगार वा ग्रामप्रमुख स्वतःच्या निष्ठावंतांची यादीही त्याद्वारे जाहीर करीत असे. राजकारण तेथेही होतेच. फरक इतकाच की त्या राजकारणाचा पल्ला गावाच्या शिवेपर्यंत होता, आणि दगडातील वीराचा चेहरा सामान्य असल्यामुळे त्याला कोणा एका समाजाच्या वा भाषेच्या मालकीचा करणे अवघड होते.

चौकातील पुतळा ही त्यामानाने अगदी अलीकडची आणि बाहेरून आलेली गोष्ट आहे. अश्वारूढ पुतळ्याचा साचा युरोपीय राज्यकर्त्यांचा. मुंबईकरांनी जो 'काळा घोडा' म्हणून ओळखला तो एडवर्डचा पुतळा १८७० च्या दशकात बोम या शिल्पकाराने घडविलेला होता. १९६५ मध्ये तो भायखळ्याच्या उद्यानात हलविला गेला आणि जागेला मात्र घोड्याचेच नाव राहिले. स्वाराचे कोणाला स्मरण नव्हते. मुंबईच्या कलाशाळेतून शिकलेल्या मराठी शिल्पकारांनी हा साचा आत्मसात केला आणि राज्यकर्त्यांच्या जागी आपले पुरुष बसविले. या परंपरेतील महत्त्वाची कृती म्हणजे विनायक पांडुरंग करमरकर यांचा पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या प्रांगणातील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा. शाहू महाराजांच्या पुढाकाराने योजिलेल्या या स्मारकाची कोनशिला नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसविली गेली. देशभर त्या राजपुत्रावर बहिष्कार पुकारलेला असताना हे घडले. पुतळ्याचे अनावरण जून १९२८ मध्ये मुंबईच्या गव्हर्नराने केले. एकसंध ओतकामाचे हे काम त्या काळी कौशल्याची परिसीमा समजले गेले, आणि ते योग्यच होते. परंतु येथे अधिक लक्षणीय ही गोष्ट आहे की, ब्रिटिश साम्राज्याचा वारस ज्याची कोनशिला बसवितो, त्याच पुतळ्यात साम्राज्यविरोधी मराठी मनाला आपला राजा दिसतो. दोघांनाही तो पुतळा आपला वाटू शकला, याचे श्रेय शिल्पकाराच्या संयमाकडे जाते. करमरकरांनी घडविलेला राजा कोणावर धावून जात नाही. तो स्वस्थपणे राज्य करणारा आहे. त्यामुळे पाहणाऱ्याला आपला अर्थ त्यात घालावयास जागा राहते.

पुतळा घडत होता त्या काळात राजांचा चेहरा हाच वादाचा विषय होता. पाठ्यपुस्तकांतून आणि घरोघरच्या तसबिरींतून त्या काळी प्रचलित असलेले एक चित्र प्रत्यक्षात इब्राहिमखान नावाच्या व्यक्तीचे असल्याचे वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले आणि १९३३ मध्ये डच साधनांतून मिळालेले अस्सल चित्र त्यांनी प्रसिद्ध केले. युरोपातील संग्रहांत असलेली शिवछत्रपतींची समकालीन वा समकालाच्या निकटची चित्रे दख्खनी लघुचित्रांच्या पद्धतीची, एकचष्म आहेत. म्हणजे त्यांत चेहऱ्याची एक बाजू दिसते. चित्रकाराला तेवढे पुरते. शिल्पकाराला पुरत नाही. त्याला दुसरा डोळा घडवावा लागतो, कपाळाची रुंदी ठरवावी लागते, समोरून पाहिले असता जबडा कसा दिसेल याचा निर्णय घ्यावा लागतो. आज महाराष्ट्रातील कोणत्याही गावात शिवछत्रपतींचा समोरून दिसणारा जो चेहरा क्षणार्धात ओळखला जातो, त्याची निम्मी बाजू साधनांची आणि निम्मी शिल्पकार-चित्रकारांच्या कल्पनेची आहे. ही तक्रार म्हणून सांगत नाही. इतिहासकार ज्या ठिकाणी 'पुरावा नाही' असे म्हणून थांबू शकतो, त्या ठिकाणी शिल्पकाराला थांबता येत नाही. त्याच्या कलेचा तो स्वभावधर्म आहे. मात्र ही कल्पनेची बाजू एकदा धातूत उतरली, की पुढच्या पिढीला ती पुराव्याइतकीच पक्की वाटू लागते, हे विसरता कामा नये.

चेहऱ्यापेक्षाही अधिक राजकीय गोष्ट म्हणजे हाताची ठेवण. दादरच्या शिवाजी पार्कवरील अश्वारूढ पुतळ्यात राजांनी तलवार उपसलेली नाही. हात पुढे करून ते दिशा दाखवीत आहेत. महाराष्ट्र राज्य नुकतेच स्थापन झालेले असताना, १९६० च्या दशकात, असा मार्गदर्शक राजा घडविणे ही त्या काळाच्या आशेची खूण होती. त्याच मैदानावर १९६६ मध्ये शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा झाला आणि त्या संघटनेच्या आरंभीच्या रोखात मुंबईतील दक्षिण भारतीय, त्यांत कन्नड भाषकही, सापडले. म्हणजे पुतळा एक बोलत होता आणि मैदान दुसरे. कलाकृतीचा अर्थ तिच्या भोवतीची सभा किती सहज बदलून टाकते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. त्यापूर्वी, ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर पंडित नेहरूंच्या हस्ते शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने मोठी निदर्शने केली होती. पुतळा सर्वांनाच हवा होता. प्रश्न त्याच्या पडद्याची दोरी कोणाच्या हाती असावी हा होता. बेळगावसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी आणि शिवप्रतिमा यांची सांगड तेव्हापासून सुटलेली नाही.

आता केम्पेगौडांकडे वळू. त्यांची सर्वांत जुनी म्हणून सांगितली जाणारी प्रतिमा शिवगंगेच्या गंगाधरेश्वर मंदिरात आहे. धातूची ही मूर्ती १६०९ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी स्थापिली गेली. मंदिरातील प्रतिमेचे स्थान देवाच्या संदर्भात ठरते, त्यामुळे राजा तेथे आपोआप भक्त होतो. १९६४ मध्ये बेंगळूर महानगरपालिकेच्या कचेरीसमोर त्यांचा पुतळा बसविला गेला. तेथे ते नगराचे संस्थापक झाले, भक्त राहिले नाहीत. आणि ११ नोव्हेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते विमानतळावरील पुतळ्याचे अनावरण झाले: उंची १०८ फूट, ९८ टन कांसे, १२० टन पोलाद, एकट्या तलवारीचे वजन चार टन. अनावरणापूर्वी राज्यभरातील हजारो ठिकाणांहून माती गोळा करून स्मारकाच्या जागी आणण्यात आली होती. एका नगराचा संस्थापक अशा रीतीने संपूर्ण राज्याचा, भाषेचा आणि एका प्रबळ कृषक समाजाच्या अस्मितेचा प्रतिनिधी झाला. मंदिर, महापालिका, विमानतळ या तीन जागांच्या क्रमातच चारशे वर्षांतील राजकीय कल्पनांचा बदल वाचता येतो.

हा पुतळा घडविला राम वनजी सुतार यांनी. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे १९२५ मध्ये जन्मलेले सुतार मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्यात असताना त्यांनी अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचे काम केले, आणि पुढे गांधींच्या असंख्य प्रतिमांपासून नर्मदाकाठच्या १८२ मीटर उंचीच्या सरदार पटेलांपर्यंत (२०१८) स्वतंत्र भारताच्या शासकीय स्मृतीचा मोठा भाग त्यांच्या कार्यशाळेतून बाहेर पडला. शहाजीराजांच्या बाजूने ज्या घराण्याचे नगर गेले, त्या घराण्याच्या मूळ पुरुषाला सर्वांत मोठी प्रतिमा मिळाली ती खानदेशातल्या एका मराठी माणसाच्या हातून. दोन्ही राज्यांतील भाषिक संघटनांनी या गोष्टीचा उच्चार केल्याचे फारसे आढळत नाही. कलावंताची भाषा सोयीनुसार विसरली जाते, कारण पुतळ्याची भाषा चौथऱ्यावरील लेखाने ठरते. याच्या उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. म्हैसूरात १९२१ मध्ये जन्मलेल्या आर. के. लक्ष्मण यांनी मुंबईत बसून जो 'सामान्य माणूस' रेखाटला, त्याला मुंबई-पुण्याने आपलाच मानले. त्याच्या चेहऱ्यासाठी मात्र कोणी भांडले नाही. तो चेहरा कोणा एका ऐतिहासिक पुरुषाचा नव्हता. वीरगळातील वीराशी त्याचे असलेले हे दूरचे नाते विचार करण्यासारखे आहे.

सुतारांच्या कारागिरीविषयी आदर बाळगूनही येथे एक आक्षेप नोंदवावयास हवा. करमरकरांच्या पिढीने पाश्चात्त्य वास्तववादाचा साचा घेतला, परंतु तो माणसाच्या नजरेच्या टप्प्यात ठेवला. घोड्याच्या शिरा, राजाच्या मनगटाचा ताण हे चौथऱ्यापाशी उभे राहून दिसू शकते. शंभर फुटांपलीकडे वास्तववादी तपशिलाचा उपयोग उरत नाही. नाकपुडीची वळणे आणि दागिन्यांचे नक्षीकाम छायाचित्रात दिसते, डोळ्यांना दिसते ती केवळ बाह्यरेषा आणि वजन. अशा आकाराला शैलीकरण लागते, आणि वेरूळच्या कोरीवकामाचा जवळून अभ्यास केलेल्या शिल्पकाराला ते अवगत नव्हते असे म्हणवत नाही. वेरूळचे शिल्पी जाणत होते की मोठ्या आकारात अवयवांचे तपशील कमी करून घनाकार ठेवावे लागतात. परंतु शासकीय समित्यांना 'हुबेहूब' हवे असते. ज्यांचा चेहराच ठाऊक नाही त्यांचेही हुबेहूब हवे असते. या मागणीत कलेचे जे नुकसान होते ते सुतारांचे एकट्याचे नाही. ते सबंध परंपरेचे आहे.

बेंगळूरच्या सदाशिवनगर भागात शिवछत्रपतींचाही पुतळा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये त्यावर शाई फेकण्यात आली. पाठोपाठ बेळगावच्या अनगोळ भागात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. तत्पूर्वी ऑगस्ट २०२० मध्ये बेळगावजवळ पिरनवाडी येथे या दोन वीरांच्या पुतळ्यांवरून तणाव निर्माण झाला होताच. वृत्तपत्रांनी या घटनांची संगती सीमाप्रश्नाशी लावली आणि ती बरोबर होती. परंतु कलेच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सतराव्या शतकातील मराठा राजा आणि कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या बाजूने लढून १८३१ मध्ये फाशी गेलेला सेनानी यांच्यात इतिहासात कोणतेही वैर नाही. त्यांचा कालखंडही एक नाही. त्यांना परस्परांसमोर आणले ते त्यांच्या पुतळ्यांच्या सारखेपणाने. एकाच साच्यातील, एकाच प्रकारच्या चौथऱ्यावरील, तलवारधारी दोन आकृती एका चौकाभोवती आल्या की त्या प्रतिस्पर्धी वाटू लागतात. याच दोन पुरुषांचे दोन वीरगळ एका देवळाच्या आवारात शेजारी शेजारी राहू शकले असते; अनेक गावांत असे अनेक वीरगळ रांगेने उभे आहेत आणि त्यांची एकमेकांना अडचण होत नाही.

या संदर्भात अमेरिकेतील रिचमंड शहराकडे पाहणे उद्बोधक ठरेल. तेथील विधानभवनात जॉर्ज वॉशिंग्टनचा जो संगमरवरी पुतळा आहे, त्यासाठी फ्रेंच शिल्पकार उदाँ १७८५ मध्ये समुद्र ओलांडून वॉशिंग्टनच्या घरी गेला, त्याच्या चेहऱ्याचा साचा घेतला आणि शरीराची मापे घेतली. अशी संधी आपल्याकडील कोणाही शिल्पकाराला मिळणे शक्य नव्हते. त्याच शहरात यादवी युद्धातील पराभूत दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचा अश्वारूढ पुतळा १८९० मध्ये उभा राहिला. लीचा चेहरा छायाचित्रांतून सर्वांना ठाऊक होता. प्रश्न चेहऱ्याचा नव्हता. गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेला माणूस उमद्या घोड्यावर बसविला म्हणजे पराभवाचे रूपांतर वैभवात होते, हे त्या पुतळ्याने करून दाखविले आणि सव्वाशेहून अधिक वर्षे ते टिकविले. सप्टेंबर २०२१ मध्ये तो उतरविला गेला. तथापि त्याआधीच, डिसेंबर २०१९ मध्ये, केहिंडे वायली या कृष्णवर्णीय कलावंताची एक कांस्यकृती त्या शहराच्या कलासंग्रहालयासमोर आली होती. तिच्यात घोडा आणि चौथरा त्याच अश्वारूढ परंपरेतले. स्वार मात्र टोपीवजा जाकीट आणि खेळाचे बूट घातलेला आजचा कृष्णवर्णीय तरुण. वायलीने साचा कसा काम करतो हेच उघड करून दाखविले. शाई फेकणाऱ्याला जे म्हणावयाचे असते पण म्हणता येत नाही, ते एका कलावंताने दुसऱ्या पुतळ्याच्या साहाय्याने म्हटले. आपल्याकडे पुतळ्याला पुतळ्याने दिलेले उत्तर म्हणजे अधिक उंच पुतळा, एवढीच कल्पना अद्याप आहे.

अमेरिकेतीलच दुसरे उदाहरण वीरगळाच्या अधिक जवळचे आहे. माया लिन या विद्यार्थिनीच्या आराखड्यानुसार वॉशिंग्टन येथे १९८२ मध्ये पुरे झालेले व्हिएतनाम युद्धाचे स्मारक म्हणजे जमिनीत उतरत जाणारी काळ्या ग्रॅनाइटची भिंत. तिच्यावर मृतांची आणि बेपत्ता सैनिकांची नावे आहेत, चेहरा एकही नाही. अनेकांना तो अपमान वाटला, आणि त्यांच्या समाधानासाठी १९८४ मध्ये फ्रेडरिक हार्ट याचा तीन सैनिकांचा वास्तववादी पुतळा जवळच बसवावा लागला. आज लोक हात लावतात तो भिंतीवरच्या नावांना. घासलेल्या काळ्या दगडात नावे वाचणाऱ्याचा स्वतःचा चेहरा प्रतिबिंबित होतो, आणि चेहऱ्याची उणीव अशी भरून निघते. जिगणीच्या कारखान्यांत असा दगड रोज घासला जातो. तो बहुतेक स्वयंपाकघरांच्या ओट्यांवर जातो.

महाराष्ट्रातही उंचीच्या आणि घाईच्या मागणीचे पर्यवसान काय होते ते मालवणच्या राजकोट किल्ल्यावर दिसले. डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिन्यांच्या आत, कोसळला. त्यावर जे लिहिले गेले त्यात कंत्राट, अटक आणि राजीनाम्याची मागणी यांना मोठी जागा मिळाली. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात धातूची जोडकामे कशी धरतात, पायांच्या घोट्यांवर येणारा भार शिल्पकाराने कसा वाटून द्यावयाचा असतो, उभ्या आकृतीपेक्षा अश्वारूढ आकृती अधिक स्थिर का असते, यांविषयी मराठीत फारच थोडे वाचावयास मिळाले. नवा पुतळा सुतारांच्या कार्यशाळेने घडविला व मे २०२५ मध्ये तो उभा राहिला. करमरकरांनी पुण्याच्या पुतळ्याचे ओतकाम कसे केले याचा तंत्रदृष्ट्या अभ्यास कोणा विद्यापीठाच्या मराठी वा कला विभागाने हाती घेतला असता, तर निदान चर्चेची भाषा तरी बदलली असती.

या सर्व विवेचनात ज्यांचा उल्लेख वारंवार आला, ते शहाजीराजे मात्र बेंगळूरच्या दृश्य स्मृतीत जवळजवळ अनुपस्थित आहेत. त्यांची समाधी होदिगेरे येथे, दावणगेरे जिल्ह्यात आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून तेथे त्यांचा अंत झाला. पुत्राचा घोडा देशभर चौथऱ्यांवर चढला आणि पित्याला घोड्यानेच जमिनीवर आणले. त्यांची समाधी साधी आहे. दगडी चौथरा, उघडे आकाश. प्रतिमा म्हणून त्यांच्याविषयी जे आहे ते साहित्यात आहे. जयराम पिंड्ये यांचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य वि. का. राजवाडे यांनी विस्तृत प्रस्तावनेसह १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात शहाजीराजांची सभा दिसते ती कवींनी गजबजलेली. संस्कृतापासून दख्खनी यावनी आणि कर्नाट भाषेपर्यंत बारा भाषांतील रचना तेथे सादर होतात. एका भाषेचा कवी दुसऱ्या भाषेतील समस्येची पूर्ती करतो आणि मध्यभागी बसलेला यजमान ते ऐकत असतो. बेंगळूरच्या मराठी इतिहासाचे हे सर्वांत विश्वसनीय चित्र आहे, आणि त्यात तलवार नाही.

या सभेचे शिल्प करावयाचे झाल्यास शिल्पकारापुढे ज्या अडचणी येतील त्या खऱ्याखुऱ्या कलेच्या अडचणी असतील. ऐकणारा राजा कसा दाखवावा? एका आकृतीऐवजी वीस आकृतींचा समूह घडवावा लागेल, म्हणजे वीरगळाच्या मधल्या चौकटीसारखी उठावाची, दाटीची रचना स्वीकारावी लागेल, अश्वारूढ साचा उपयोगी पडणार नाही. चेहऱ्याचा आधार येथेही क्षीण आहे. पण सभेत राजा ओळखू येतो तो चेहऱ्यावरून नव्हे, इतरांचे चेहरे कोणाकडे वळले आहेत यावरून. आणि चौथऱ्यावरील लेख कोणत्या भाषेत असावा हा प्रश्न समितीपुढे आला, तर जयराम पिंड्यांच्या काव्याने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. अडचण एवढीच राहील की बारा भाषांसाठी चौथरा बराच रुंद करावा लागेल.